जागा साफ करून यावे

बुधवार, ता. ५

कधी दुखतं आणि किती वेळ दुखतं ते टिपून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. म्हणून ही वही. बांधणीत कडेचे कागद उरतात, त्यांची मीच शिवली. सत्तावीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधतो आहे, स्वतःसाठी बांधलेलं हे पहिलंच.

उजव्या जांघेत फुगवटा आहे. आडवा झालो की आत जातो, वजन उचललं की बाहेर येतो. हर्निया. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं नाही, पण लांबवण्यासारखंही नाही. आतडं त्या भोकात अडकलं तर मात्र धावाधाव होईल. पुढच्या गुरुवारी, तेरा तारखेला, ऑपरेशन.

सिस्टरांनी छापील चिठ्ठी दिली. तीन सूचना. आदल्या रात्री दहानंतर काही खाऊ नये. जागा साफ करून यावे. सोबत एक जबाबदार व्यक्ती असावी.

दुसरी सूचना मला फार आवडली. ऑपरेशन करून माणूस घरी येणार, जखम ओली असणार, घरात धूळ असली तर कसं चालेल? रोग्याच्या घरापर्यंत विचार करणारं इस्पितळ मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या सूचनेचं बघू.

रविवार, ता. ९

दोन दिवस खोली साफ करतो आहे. कपाट ओढून मागची भिंत झाडली. कपाट ओढायला नको होतं, दुपारी अर्धा तास दुखलं. (टीप केली.) भिंतींना चुना दिला. खिडकीच्या काचा आधी कागदाने आणि मग फडक्याने पुसल्या.

दुसऱ्या उशीचा अभ्रा धुतला. तो मी दर रविवारी धुतोच. ही गेल्याला आठ वर्षं झाली, तो मळत नाही, तरी धुतो.

संध्याकाळी देवासमोर बसलो. खोली इतकी उजळ झाली आहे की कुणाला तरी बोलावून दाखवावी असं वाटलं.

गुरुवार, ता. १३

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटते, पण वही माझीच आहे.

सकाळी सातला उपाशीपोटी हजर झालो. काउंटरवर जाड चष्म्याच्या सिस्टर होत्या. त्यांनी कागद पाहिला आणि मान वर न करता विचारलं, "काल जागा साफ केलीत?"

"कालच नाही, शनिवारपासून करतोय. पलंगाखालीसुद्धा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पलंगाखाली?"

"हो. भिंतींना चुना दिला. कोळ्याचं जाळं एक शिल्लक नाही. तुम्ही माणूस पाठवलात तरी चालेल."

मग त्यांचा चेहरा हळूहळू लाल झाला. "अहो काका, जागा म्हणजे तुमची खोली नव्हे! जिथं कापायचंय ती जागा. तिथले केस काढून यायचे असतात."

मागच्या बाकावरच्या एक बाई खोकल्यासारखं करून उठून गेल्या.

"मग चिठ्ठीत तसं लिहायचं ना," मी म्हणालो.

"कसं लिहू? तुम्हीच सांगा. पुस्तकांत काम करता ना तुम्ही?"

मी उभ्या उभ्या विचार केला. चार शब्द आठवले. चारही शाळेच्या मागच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले असत.

"जाऊ द्या," त्या म्हणाल्या, "ते काम करणारा आमचा माणूस रिटायर झालाय, पण बघते कुणाला तरी सांगून. तुमच्यासोबत कोण आलंय?"

"येताहेत."

"कोण?"

"वाटेत आहेत."

खोटं बोललो. नऊ वाजेपर्यंत त्यांनी दोनदा दरवाज्याकडे पाहिलं, मीही पाहिलं. दहा वाजता माझा नंबर दुसऱ्याला गेला. "सोबतीशिवाय घेता येत नाही काका," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "पुढचा गुरुवार देते. जागा आणि माणूस, दोन्ही तयार ठेवा."

चूक माझीच. एका शब्दाचा अर्थ नीट लावला नाही. या वेळी जागेच्या बाबतीत कसूर ठेवायची नाही.

शनिवार, ता. १५

ताईला फोन केला. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, राहते लांब. तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो. डावा जास्त दुखतो. जिना चढताना डावा आणि उतरताना उजवा.

"तू बरा आहेस ना रे?"

"बरा आहे."

"जेवतोस ना वेळेवर?"

"हो."

"आवाज असा का येतोय?"

"खोली रिकामी आहे ना, घुमतो."

मग भाच्याला लावला. "मामा, मीटिंगमध्ये आहे. काही अर्जंट?"

गुरुवार हा अर्जंट म्हणायचा का, ते मला ठरवता आलं नाही. "काही नाही रे, सहज," म्हटलं.

आमची बांधणी ग्रंथालयाच्या तळघरात आहे. पूर्वी तिघं होतो, आता मी एकटा. फाटकी पुस्तकं लहान लिफ्टमधून खाली येतात आणि बरी होऊन वर जातात. माणूस त्या लिफ्टमध्ये मावत नाही. कामावर कुणाला विचारावं, असा विचार आज केला. जेवायच्या सुट्टीत वर जाऊन वाचनकक्षातून एक फेरी मारून आलो. तिथे बोलायला मनाई असते.

बुधवार, ता. १९

उद्या ऑपरेशन. आज संध्याकाळी कामावरून आल्यावर जागा साफ केली. या वेळी खरी.

पन्नाशीला आलेला माणूस, रोज दाढी करतो, त्याला यात काय अवघड, असं मला वाटलं होतं. तेच चुकलं. दाढी करताना आरसा समोर असतो. इथे पोट मध्ये येतं. चष्मा लावला तर खाली वाकल्यावर नाकावरून घसरतो, आणि काढला तर सगळं धुकं. आरसा बादलीवर टेकवला, तो पाण्यात पडला. शेवटी चाचपत केलं.

पाणी गार होतं. साबण अंगाचाच लावला. ब्लेड दाढीचं होतं, आठवडाभर वापरलेलं. नवं कशाला वाया घालवायचं? केस लांब, ब्लेडमध्ये अडकू लागले तेव्हा जोर लावला. सुलटा हात फिरवून समाधान होईना, म्हणून उलटा फिरवला. मग पुन्हा उलटा. चिठ्ठीत ‘साफ’ लिहिलं आहे, तेव्हा अगदी काचेसारखं करायचं, असं मनाशी धरलं होतं.

शेवटी दाढीनंतर लावायचं वासाचं पाणी ओंजळीत घेतलं आणि लावलं.

पुढची पाच मिनिटं मी न्हाणीघरात काय केलं ते लिहीत नाही. शेजारणीने भिंतीवर ठोकून विचारलं, "काही पडलं का?" मी म्हटलं, "नाही, गातोय."

देवासमोर बसलो. उद्याचं सांगताना त्याच्यापुढेही ‘ती जागा’ म्हणालो. त्याला कळलं असणार. त्यानेच केली आहे.

सोबतीचं अजून काही जमलेलं नाही. सकाळी सिस्टरांना समजावून सांगेन.

गुरुवार, ता. २०

समजावून सांगायची वेळच आली नाही.

पहाटे उठलो तर सगळीकडे लाल पुरळ, काही ठिकाणी पिवळ्या टोकाचे फोड. डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. "हे काय केलंत? कुणाशी भांडलात का?"

"साफ केलं."

"यातून मी चाकू नेला तर सगळी घाण आत जाईल. पुरळ पूर्ण बसू दे. दोन आठवडे." कपडे ठीक करायला त्यांनी खूण केली आणि हात धुता धुता म्हणाले, "घरी कोण कोण?"

"मी."

"आणि?"

"मीच."

ते थोडा वेळ हात पुसत राहिले. "हे बघा, फुगवटा आत गेला नाही, दुखायचं थांबलं नाही, उलटी झाली, तर थांबायचं नाही. लगेच यायचं. कुणाला तरी आधीच सांगून ठेवा. आणि चार तारखेला पुन्हा हे असं नको हं, महिनाभर मी इथे नाही त्यानंतर."

म्हणजे चार तारीख चुकली तर महिना गेला. आणि फुगवटा दर आठवड्याला मोठा होतो आहे, हे मला टिपणांवरून दिसतं.

सोबत कोण आहे, हे आज कुणी विचारलंच नाही. बाहेर पडताना मला बरं वाटलं.

शनिवार, ता. २२

चालवत नाही. कापड घासलं की आग होते. तरी आज केस कापायला गेलो. महिन्याचा चौथा शनिवार, हा नेम वीस वर्षांचा आहे.

सलूनवाला माझ्याच वयाचा, बडबड्या. चष्म्यामुळे मला पहिल्या दिवशी मास्तर म्हणाला, ते तसंच राहिलं. घरी सून, नातवंडं, म्हातारी आई, एवढी माणसं. "घरात मला बोलायला मिळत नाही मास्तर, म्हणून दुकानात बोलतो," असं त्याचं म्हणणं.

मी दारातून आत आलो तर म्हणाला, "मास्तर, घोड्यावरून उतरल्यासारखे काय चालताय?"

"गुडघा."

"दोन्ही?"

"दोन्ही."

त्याने फडकं मानेभोवती बांधलं. डोकं पुढे वाकवायला कपाळावर तळहात ठेवला. त्याचा हात गरम असतो. मी विचार करून ठेवला होता त्याप्रमाणे बोललो. "माझ्या एक ओळखीचे आहेत. त्यांना ऑपरेशनसाठी... म्हणजे खालच्या बाजूचे... त्यांनी काढले, तर पुरळ आलं."

कात्री थांबली. आरशात त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं. मग कात्री पुन्हा चालू झाली. "असं होय. तुमच्या ओळखीच्यांनी गार पाणी वापरलं असेल."

"हो. म्हणजे, असेल."

"जुनं ब्लेड."

"बहुतेक."

"उलटा हात."

"दोनदा," मी म्हणालो.

"आणि वर लोशन?"

मी मानेवरच्या फडक्याची गाठ चाचपली. तो इतका हसला की त्याला कंगवा खाली ठेवावा लागला. "अरेरे! जिवंत आहेत ना ते तुमचे ओळखीचे?"

मग तो गंभीर झाला. कामाचं बोलताना तो वेगळाच माणूस असतो. माझा हात खुर्चीच्या दांड्यावर पालथा ठेवला आणि मनगटाजवळ बोटाने दाखवत म्हणाला, "त्यांना सांगा, ही कातडी आणि तिथली कातडी एक नाही. तिथली पापणीसारखी. आधी कात्रीने केस बारीक करायचे, लांब केसांवर ब्लेड चालवायचं नाही. मग कोमट पाण्याने शेकायचं, पाच मिनिटं, केस मऊ पडतात. बिनवासाचा फेस. नवं ब्लेड, कोरं. कातडी बोटाने जराशी ताणायची, आणि ब्लेड केस ज्या दिशेने झुकलेत त्याच दिशेने. जोर द्यायचा नाही, नुसतं वजन. एका जागी एकदाच. मध्ये मध्ये ब्लेड धुवायचं. झालं की गार पाणी, आणि टिपायचं, चोळायचं नाही. दोन दिवस सैल सुती कपडे."

"काचेसारखं व्हायला नको?"

"कशाला? ऑपरेशन आहे, लग्न नाही."

आरशात मागची मान दाखवताना म्हणाला, "आता त्यांना म्हणावं, पुरळ बसेपर्यंत काही लावू नका, खाजवू नका. थंड पाण्याची घडी ठेवा. आणि मास्तर, कधी आहे त्यांचं ऑपरेशन?"

"गुरुवारी. चार तारखेला."

"सकाळी?"

"सातला."

"दुकान मी दहाला उघडतो," तो म्हणाला. हे त्याने मध्येच का सांगितलं ते कळलं नाही. वेळ दाराबाहेर पाटीवर लिहिलेलीच आहे.

मंगळवार, ता. २५

थंड घडी, सैल पायजमा. कामावरही पायजमाच घालून गेलो, तळघरात बघायला कुणी नाही. आग कमी आहे. फोड सुकले.

आज एका जुन्या कोशाचं पाठकातडं तासत होतो. कातडं तासताना मी नेहमी आधी तळहात फिरवून बघतो की रवा, म्हणजे कातड्यावरचे बारीक दाणे, कुठल्या बाजूला झुकला आहे. त्याच बाजूने सुरी न्यायची, नाहीतर कातडं ओरबाडतं. हे मला बावीस वर्षांचा असताना शिकवलं होतं. मेलेल्या जनावराच्या कातड्याशी मी इतका जपून वागतो.

शनिवार, ता. २९

आज घाबरलो.

दुपारी तीनच्या सुमारास पुस्तकं दाबायच्या यंत्राखालचा गठ्ठा काढताना फुगवटा बाहेर आला आणि आत जाईना. जमिनीवर कागद पसरून आडवा झालो. पाय वर घेतले, श्वास सोडला, जाईना. दुखत होतं. घाम आला. छताला दोन नळ आहेत, त्यांच्याकडे बघत देवाचं नाव घेत राहिलो. लिफ्ट एकदा खाली आली, घंटी वाजली, आत नुसती पुस्तकं, ती तशीच उघडी उभी राहिली. वर ओरडून सांगावं, तर काय ओरडणार?

वीस मिनिटांनी आपोआप गेला.

पडल्या पडल्या हिशेब मनात आला तो असा: आज शनिवार. उद्या सुट्टी. सोमवारी मी आलो नाही तर वरच्यांना वाटेल रजा असेल. मंगळवारी लिफ्टमध्ये पुस्तकं साठतील. बुधवारी कुणीतरी खाली येईल.

कुणाला तरी आधीच सांगून ठेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी येऊन दोनदा ताईचा नंबर काढला. ती त्या दुखऱ्या गुडघ्यांनी जिना उतरून येते म्हणाली असती. नाही लावला.

मंगळवार, ता. २

पुरळ पूर्ण बसलं. आज अर्धी रजा टाकली.

सगळं सांगितल्याप्रमाणे केलं. कात्री, कोमट पाण्याचा पंचा, नवं ब्लेड. पोटापासून खाली येत आलो, वजन न देता, एका जागी एकदाच. मधूनमधून थांबून तळहाताने दिशा बघत होतो. फार शांत वाटलं. बांधणीचं काम चांगलं होताना वाटतं तसं. एवढ्या वर्षांत या शरीराकडे मी इतकं लक्ष देऊन पाहिलं नव्हतं. ते म्हातारं होऊ लागलं आहे आणि मला त्याचा राग आला नाही.

पण फुगवट्याच्या खालची घडी दिसेना. गेल्या वेळी चाचपत केलं होतं ते इथेच. ब्लेड नेलं, आणि मागे घेतलं. पंचा गुंडाळून पलंगावर बसलो. इथवर जमलं, पुढचं माझ्या एकट्याने होणार नाही. असं स्वच्छ वाक्य मनात आलं की पुढे काय करायचं ते आपोआप ठरतं. कपडे घातले आणि सलूनला गेलो.

दुपारची वेळ, दुकान रिकामं. "ते ओळखीचे..." मी सुरुवात केली.

"आलेत का बरोबर?" त्याने विचारलं.

"आलेत."

त्याने उठून शटर अर्धं ओढलं, मग पूर्ण. मागच्या बाजूला पडदा आहे, तिथे बाकावर स्वच्छ चादर घातली. हात दोनदा धुतले. "मी इस्पितळात फोन करून विचारलं," तो म्हणाला, "घडीत ब्लेड लावायची गरज नाही, मशीनने बारीक केलं तरी त्यांना चालतं. मशीनचं पातं नवं बसवलंय, स्पिरिटने पुसलंय. गार लागेल हं."

त्याने फोन केला होता. लोकांना चौकशा फार असतात.

मी भिंतीकडे तोंड केलं. मशीनचा आवाज सुरू झाला. त्याने दुसऱ्या हाताने मांडीची कातडी हलकेच ताणून धरली, आणि काम होईपर्यंत, एरवी इतका बडबड्या माणूस, एक शब्द बोलला नाही. दोन-तीन मिनिटं लागली असतील. माझ्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. का ते समजलं नाही.

"लागलं का मास्तर?"

"हो. थोडं."

"लागायला नको होतं," तो म्हणाला आणि अजून हळू केलं.

नंतर त्याने थंड फडकं ठेवलं आणि चहा मागवला. चहा पिताना विचारलं, "परवा सोबत कोण आहे?"

"भाचा येतोय."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने कपात पाहिलं. "बरं झालं. आपलं माणूस असलेलं बरं." नंतर शटर उघडायला गेला. शटर त्याने जरा जास्तच जोरात वर लोटलं.

बुधवार, ता. ३

सकाळी प्रार्थना झाली नाही. बसलो, पण होईना. खोटं बोलून देवासमोर बसलं की समोरचा दिवा नुसता दिवाच राहतो.

स्वतःला विचारलं, भाच्याला विचारलंस का? नाही. मग येतोय असं का म्हणालास? कारण एखाद्याला या म्हणायचं आणि त्याने नाही म्हणायचं, त्यापेक्षा खोटं बरं वाटलं. आठ वर्षं मी कुणाकडे काही मागितलं नाही, याचा मला आत कुठेतरी अभिमान होता. तो देवाला आवडत असेल असंही वाटायचं. आज पहिल्यांदा शंका आली.

कातडी आरशात पाहिली. एक ठिपका नाही. जागा तयार आहे. आता चार तारीख फक्त माणसासाठी चुकेल.

संध्याकाळी पाचला सलूनला गेलो. गर्दी होती. बाकावर नंबर धरून बसलो. दहा दिवसांपूर्वी केस कापलेला माणूस कशाला बसला आहे, असं तिघांनी माझ्याकडे पाहिलं. एकाची दाढी, एकाचे केस, एकाच्या मिशा. त्या मिशा फार वेळ चालल्या. मी दोनदा उठून जायला निघालो.

माझा नंबर आला. खुर्चीत बसलो. त्याने सवयीने फडकं बांधलं आणि डोक्याकडे पाहिलं.

"काय कापू मास्तर? काही उरलंय का?"

मागचे हसले. मी आरशातल्या माझ्याकडेच बघून म्हणालो, "भाचा येत नाहीये. मी त्याला विचारलंच नव्हतं. उद्या सकाळी तुम्ही याल का?"

त्याने कंगवा माझ्या केसांतून एकदा फिरवला, काही कारण नसताना.

"सातला ना? साडेसहाला तुमच्या दाराशी येतो. पत्ता सांगा. वीस वर्षं तुमचं डोकं माझ्या हातात आहे, पण ते राहतं कुठं ते ठाऊक नाही."

पत्ता सांगितला. बाकावरच्या मिशीवाल्याने उगाच मान डोलावली. मग सलूनवाला एकदम चिडला. "दहा दिवस वाट बघतोय मी! म्हटलं, आता विचारतील, मग विचारतील. गुरुवारचं सगळं पुढे ढकलून ठेवलंय, घरी बायकोलाही सांगून ठेवलंय. आणि हे भाचा येतोय म्हणतात! उठा, खुर्ची अडवू नका, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

घरी आलो. प्रार्थना झाली.

शनिवार, ता. ६

वॉर्डात आहे. खाटेवर आडवं पडून लिहितो आहे, अक्षर वाकडं येईल.

ऑपरेशन झालं. सिस्टरांनी आत नेण्यापूर्वी जागा तपासली, चष्मा वर केला, पुन्हा पाहिली. "एक पुरळ नाही! कुणी केलं हे?"

"मी," सलूनवाला म्हणाला. "आणि अर्धं यांनी."

मग त्यांनी कागद पुढे केला. "तुम्ही पेशंटचे कोण?"

आम्ही दोघं एकाच वेळी बोललो. मी म्हणालो, "भाऊ," आणि तो म्हणाला, "सलून आहे माझं." सिस्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते विचारलं नाही.

मला आत नेल्यावर तो बाहेर चार तास बसला. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांच्या कानांवरचे केस त्याने त्या वेळात कापून दिले, असं त्यांनीच सांगितलं. मी शुद्धीवर आलो तेव्हा तो कुणाला तरी कोमट पाण्याचं महत्त्व समजावून सांगत होता.

संध्याकाळी तो गेला. त्याला घर आहे, इतकी माणसं आहेत. आजोबांच्या खाटेभोवती नऊजण उभे होते. मी डोळे मिटून त्यांचं बोलणं ऐकत पडलो. कुणाच्या तरी परीक्षेचं चाललं होतं. मला कुणी काही विचारलं नाही, पण आवाज होते.

काल ताईला फोन करून सांगितलं. आधी रडली, मग पाऊण तास रागावली. फार दिवसांनी कुणी माझ्यावर रागावलं.

गुरुवार, ता. १८

घरी येऊन दहा दिवस झाले. टाके निघाले. दुखत नाही, त्यामुळे या वहीत टिपायला खरं तर काही नाही.

एक आहे. केस पुन्हा उगवू लागले आहेत आणि खाज सुटते. नवे केस टोकदार असतात, कापडाला अडकतात. खाजवलं तर पुन्हा पुरळ, हे आता कळलेलं आहे. परवा सलूनवाला येऊन गेला, त्याला विचारलं. म्हणाला, "आठवडाभर चालायचंच. सैल कपडे घाला आणि हात लावू नका. अगदीच राहवलं नाही तर मला फोन करा. मी बोलायला लागलो की माणूस खाजच काय, कशासाठी फोन केला तेही विसरतो."

काल त्याला तीनदा फोन केला. खाज एकदाच सुटली होती.